माशाच्या पोटातला साक्षीदार

नदी नासली अशी तक्रार घेऊन कुठल्याही कचेरीत जा, पहिला प्रश्न ठरलेला असतो. पुरावा काय? तुम्ही सांगता, मासे मरून वर आलेत. उत्तर येतं, उन्हाळा आहे, पाण्यातला प्राणवायू कमी झाला असेल. तुम्ही सांगता, पाण्याला रंग आहे, उग्र वास आहे. उत्तर येतं, रंग आणि वास म्हणजे आकडा नव्हे. एका परीने त्यांचंही खरं असतं. वास काही कागदात बांधून कोर्टात हजर करता येत नाही.

श्रोतेहो, आज मी तुम्हाला अशाच एका पुराव्याची गोष्ट सांगणार आहे. मी कविता लिहिणारा माणूस. शास्त्राशी माझा संबंध कुतूहलापुरता. पण नवी मुंबईत राहणाऱ्याला पाणी आणि कारखाना या दोन गोष्टींपासून तोंड फिरवता येत नाही. इथे शहर नंतर आलं, कारखाने आधी आले. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. ठाणे-बेलापूर रस्त्यावरची रसायनांची धुराडी त्याच्याही आधीची, साठच्या दशकातली. पुढे तळोज्याची औद्योगिक वसाहत झाली. मधल्या मधे पंचाण्णव गावांच्या जमिनी गेल्या, आणि ज्यांच्याकडे जमीन नव्हती, फक्त खाडी होती, त्यांची खाडी कागदोपत्री कोणी घेतली नाही. ती तशीच गेली.

कायदा नव्हता असं नाही. उलट महाराष्ट्र या बाबतीत पुढे होता. पाण्याच्या प्रदूषणाचा आपला राज्याचा कायदा १९६९ चा, आणि त्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं ते ७ सप्टेंबर १९७० ला. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ साली आला. त्या केंद्रीय कायद्याचं एकविसावं कलम वाचण्यासारखं आहे. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घ्यायचा तर आधी तिथल्या मालकाला किंवा त्याच्या माणसाला तशी नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, बाटल्या सीलबंद करायच्या, सह्या घ्यायच्या, मग प्रयोगशाळेकडे धाडायच्या. एवढं नीट पार पडलं तरच तो पुरावा. यात गैर काही नाही. निरपराध माणूस अडकू नये म्हणून कायद्याने घेतलेली ही काळजी आहे. पण त्यामुळे झालं असं, की नदीच्या बाजूने बोलणारी एकमेव साक्षीदार उरली ती म्हणजे बाटली.

आणि बाटलीला त्या एका क्षणाचंच ठाऊक असतं. सकाळी साडेअकराला भरलेली बाटली रात्री अडीचला काय वाहून गेलं ते कसं सांगणार? नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरच्या वालधुनी नदीत टँकरने रसायन ओतलं गेलं, आणि काठावरच्या शेकडो रहिवाशांना श्वास घ्यायला त्रास होऊन रुग्णालयं गाठावी लागली. त्या रात्री निदान वास तरी आला. शिसं, कॅडमियम, पारा यांना पाण्यात विरघळल्यावर वास नसतो, रंग नसतो. मात्राही अशी बारीक, की पकडता पकडता दमछाक व्हावी. पिण्याच्या पाण्यात शिशाची आपली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. हिशेब करून पाहा. दहा हजार लिटरचे दहा टँकर उभे केले आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम शिसं मिसळलं, म्हणजे ही मर्यादा झाली. त्याच्या दुप्पट झालं काय आणि निम्मं झालं काय, डोळ्यांना काय कळणार?

म्हणून माणसाने फार पूर्वीपासून जिवंत साक्षीदार शोधले. कधी शोधले, कधी ते आपणहून समोर आले. जपानमधल्या मिनामाता गावात आधी मांजरं झिंगल्यासारखी नाचू लागली, समुद्रात पडून मरू लागली. मग माणसांची पाळी आली. १ मे १९५६ ला या आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली. गावातला रसायनांचा कारखाना पाऱ्याचं सांडपाणी उपसागरात सोडत होता आणि तो पारा माशांतून मांजरांत आणि माणसांत उतरत होता. कारखान्याच्याच इस्पितळातले डॉक्टर होसोकावा यांनी १९५९ मध्ये एका मांजराला कारखान्याचं सांडपाणी अन्नातून घालून पाहिलं. त्या मांजराला नाव नव्हतं, क्रमांक होता, ४००. त्याला तोच आजार झाला. कंपनीने तो निष्कर्ष दाबून ठेवला. होसोकावांनी आपली साक्ष दिली ती १९७० मध्ये, आजारपणात, अंथरुणावरून. मधली अकरा वर्षं उपसागर तसाच होता आणि लोक मासे खात होते.

आपल्या तळोज्यालाही असे साक्षीदार मिळाले. ऑगस्ट २०१७ मध्ये औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यांवर निळ्या रंगाची कुत्री फिरताना दिसली. फोटो जगभर गेले. मंडळाने एका कारखान्याला बंदचा आदेश दिला. तिथून वाहणाऱ्या, पनवेलच्या खाडीला जाऊन मिळणाऱ्या कासाडी नदीबद्दल मच्छीमार त्याआधीपासून ओरडत होते, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंतही गेलं. त्यांचं म्हणणं ऐकायला जगाला वेळ नव्हता, निळं कुत्रं पाहायला होता. यावर मला कवी म्हणून काही बोलता येईल, पण आजचा विषय तो नाही. कुत्रं निळं झालं कारण रंग डोळ्यांना दिसतो. न दिसणाऱ्या धातूसाठी वेगळा साक्षीदार हवा.

जिवांकडून पाण्याची हकीकत काढून घेण्याचं शास्त्र तसं जुनं आहे. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला कोल्कविट्झ आणि मार्सन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी नदीत कुठले जीव आहेत यावरून ती किती घाण आहे ते ठरवायची पद्धत बसवली. घाणीत तगणारे कोण, स्वच्छ पाण्यावाचून न जगणारे कोण, याची यादीच त्यांनी १९०८ आणि १९०९ मध्ये छापली. नंतर १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एडवर्ड गोल्डबर्ग यांनी सुचवलं, की जगभरच्या किनाऱ्यांवर पहारा ठेवायला शिंपले आणि कालवं वापरा. ही मंडळी एका जागी चिकटून दिवसभर पाणी गाळत बसतात, पाण्यातलं बरंवाईट अंगात साठवतात. आपल्या खाडीतली कालवं फोडून विकणाऱ्या बाईला हे सांगितलं तर ती म्हणेल, यात नवं ते काय?

पण शिंपल्यापेक्षाही तीक्ष्ण साक्षीदार निघाला तो माशाच्या आतड्यात. चक्क जंत.

तो कसा निघाला ते सांगण्याआधी थोडं शब्दांकडे वळतो. ही माझी खोड आहे, चालवून घ्या. जंताला शास्त्रात परजीवी म्हणतात. आपल्या रोजच्या मराठीत दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला बांडगूळ म्हणतात, आणि हा शब्द काही कोणी कौतुकाने वापरत नाही. ग्रीक भाषेत ‘पॅरासिटोस’ म्हणजे दुसऱ्याच्या शेजारी बसून जेवणारा. मुळात देवळाच्या धान्याची व्यवस्था पाहणाऱ्या मानकऱ्यांचं ते नाव होतं. पुढे आयत्या ताटावर बसणाऱ्या खुशमस्कऱ्याचं झालं. उर्दूत परजीवीला ‘तुफैली’ म्हणतात. त्यामागे अरबीतली एक गमतीदार कथा आहे. कूफा शहरात तुफैल नावाचा एक इसम होता. न बोलावता तो प्रत्येक लग्नाच्या जेवणाला हजर. लोक त्याला लग्नांचा तुफैल म्हणत. त्याच्यावरून अशा आगंतुकांना तुफैली हे नाव पडलं. अकराव्या शतकात खतीब अल्-बगदादी या मोठ्या हदीसपंडिताने अशा आगंतुकांवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. आणि गंमत पुढेच आहे. उर्दूत ‘आपके तुफैल’ असंही म्हणतात, आणि त्याचा अर्थ होतो तुमच्या कृपेमुळे, तुमच्यामुळे लाभलं. एकाच शब्दाच्या घरात फुकट्या आणि उपकारकर्ता असे दोघेही राहतात. आता ज्या जंताची गोष्ट सांगणार आहे, त्याच्यावर हे दोन्ही अर्थ तंतोतंत बसतात.

या जंतांचा एक वेगळाच वर्ग आहे. त्यांच्या तोंडाकडे एक आत-बाहेर होणारी सोंड असते आणि सोंडेवर आकड्यांसारखे काटे असतात. म्हणून शास्त्रात त्यांना ‘अॅकँथोसेफाला’, म्हणजे काटेरी डोक्याचे, असं नाव आहे. मी आपला त्यांना काटेसोंडे म्हणतो. इटलीच्या फ्रान्सिस्को रेडीने १६८४ मध्ये ईल माशाच्या पोटात असे काटेरी सोंडेचे कृमी पाहिल्याची नोंद आहे. हे नाव मात्र अठराव्या शतकाच्या शेवटाकडचं. काटेसोंड्याची सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे त्याला तोंड नसतं, पोट नसतं, आतडं नसतं. तो स्वतः दुसऱ्याच्या आतड्यात काटे रुतवून बसतो आणि जे काही खायचं ते अंगाच्या कातडीतून शोषून घेतो. तयार, पचलेलं अन्न चोहोबाजूंनी वाहत असताना स्वतःचं पोट कशाला सांभाळायचं?

१९९४ साली जर्मनीतल्या बेर्न्ड सुरेस या तरुण शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ऱ्हूर नदीतले चब नावाचे मासे तपासले. चब हा आपल्या रोहू-मृगळाच्या गोतावळ्यातला. त्याच्या आतड्यात केशरट रंगाचे काटेसोंडे होते, एक-दोन सेंटिमीटर लांबीचे. पॉम्फोरिंकस लेव्हिस हे त्यांचं शास्त्रीय नाव. या मंडळींनी माशाचं मांस, यकृत, आतडं यांच्यातलं शिसं मोजलं आणि जंतांमधलंही मोजलं. जंताच्या अंगात माशाच्या मांसापेक्षा २७०० पट शिसं निघालं. नदीच्या पाण्याशी तुलना केली तर ११,००० पट. कॅडमियमचे आकडेही तसेच, मांसाच्या ४०० पट आणि पाण्याच्या २७,००० पट.

मघाचे ते दहा टँकर आठवा. जी मात्रा पाण्यात सापडता सापडत नव्हती, ती या बोटाच्या पेराएवढ्या जिवाने वेचून, साठवून, यंत्राला सहज वाचता येईल एवढी मोठी करून ठेवली होती. आणि नदी कुठली? ऱ्हूर. जर्मनीच्या कोळशा-पोलादाच्या पट्ट्यात दोन नद्या शेजारी शेजारी वाहतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या कारभाऱ्यांनी अलिखित वाटणी करून टाकली. ऱ्हूर पिण्याच्या पाण्यासाठी राखायची, एम्शर सांडपाण्यासाठी द्यायची. एम्शरची सिमेंटच्या भिंतींमधली उघडी गटारगंगा झाली. तिच्यातून सांडपाणी पूर्णपणे हटवायला २०२१ साल संपावं लागलं आणि पाच अब्ज युरोंहून जास्त खर्च आला. सांगायचं एवढंच, की काटेसोंड्याने साक्ष दिली ती गटार झालेल्या नदीतून नव्हे, जपलेल्या नदीतून. आमच्याकडे कासाडीच्या नशिबी एम्शरचं भाग्य आलं. उल्हासच्या नशिबी दोन्ही आलं. तिचंच पाणी लाखो लोक पितात आणि तिच्यातच सांडपाणीही सोडलं जातं. असा कारभार ऱ्हूरच्या लोकांनाही सुचला नव्हता.

हे शिसं जंतापर्यंत पोचतं कसं? पाण्यातलं शिसं माशाच्या कल्ल्यांवाटे रक्तात शिरतं. रक्तातून यकृतात जातं. यकृत हा शरीराचा सफाई कामगार. तो हे विष पित्तात मिसळून आतड्यात ढकलतो. आता खरं तर ते विष्ठेबरोबर बाहेर पडायला हवं, पण पित्तातला बराच ऐवज आतडं पुन्हा शोषून घेतं आणि यकृताकडे परत पाठवतं. फेऱ्या चालू राहतात. या वाटेवर मध्येच काटेसोंडा बसलेला असतो. स्निग्ध पदार्थांसाठी त्याला पित्ताचा आधार घ्यावा लागतो, ते त्याला स्वतःला तयार करता येत नाहीत. तो पित्तातले क्षार शोषतो आणि त्यांना चिकटून आलेलं शिसंही शोषतो. काही आठवड्यांत त्याच्या अंगात एवढं जमतं, की मासा त्याच्यापुढे स्वच्छ वाटावा.

आणि मासा खरंच थोडा स्वच्छ होतो. सुरेस आणि त्याच्या सहकाऱ्याने १९९९ मध्ये प्रयोगशाळेत चब माशांना शिसं असलेल्या पाण्यात ठेवून पाहिलं. ज्यांच्या पोटात काटेसोंडे होते त्यांच्या आतड्याच्या भिंतीत शिसं कमी साठलं, ज्यांच्या पोटात नव्हते त्यांच्यात जास्त. फुकट जेवायला आलेल्या पाहुण्याने यजमानाच्या ताटातलं विष उचलून आपल्या पानात घेतलं. तुफैल आणि तुफैली. म्हणून काही जंत चांगला ठरत नाही. काट्यांनी तो आतड्याला जखमा करतो, माशाचं अन्न पळवतो. पण या हिशेबाला दुसरी बाजू आहे एवढं खरं.

यानंतर हे काम पसरत गेलं. मोटारींच्या धुरावर उतारा म्हणून जी यंत्रं बसवतात, त्यांच्यातून झिजून पडणारं प्लॅटिनम ईल माशांतल्या काटेसोंड्यांमध्ये सापडलं. अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटावरच्या माशांचे जंतही तपासून झाले. एवढ्या सूक्ष्म मोजणीला लागणारं यंत्र मुळात ऑस्ट्रेलियाच्या अॅलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये पुढे आणलेल्या पद्धतीवर उभं राहिलं. धातूची वाफ कुठला प्रकाश गिळते यावरून ती ओळखायची. आज अशी आणि याहून बारीक मोजणारी यंत्रं आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळांत आहेत. त्यामुळे अडचण यंत्राची नाही.

साक्षीदाराची उलटतपासणीही व्हायला हवी, नाहीतर वकील मंडळी हसतील. प्रत्येक जंत हे काम करत नाही. ईल माशाच्या वायुपिशवीत राहणारा गोलकृमी शिसं फारसं साठवतच नाही. काही पट्टकृमी मात्र चांगले साठवतात. मासा फिरता असेल तर त्याने विष कुठे घेतलं ते सांगता येत नाही, म्हणून जागा न सोडणारा मासा निवडावा लागतो. आणि सर्वांत मोठी अडचण अशी, की काटेसोंड्याला वाढायला दोन घरं लागतात. त्याची अंडी माशाच्या विष्ठेतून पाण्यात पडतात, ती आधी कोळंबीच्या जातीचा एखादा बारीक जीव गिळतो, आणि त्या जिवाला मासा खातो, तेव्हा कुठे जंत माशात पोचतो. पाणी फारच बिघडलं तर मधला तो बारीक जीवच मरतो. मग मासा राहिला तरी जंत राहत नाही. त्यामुळे जिथे प्रदूषण मध्यम तिथे हा साक्षीदार भरभरून बोलतो, जिथे अती तिथे गैरहजर. कासाडीच्या काही पट्ट्यांत तो आजही भेटेल असा माझा तरी विश्वास नाही. पण जाणकार त्या गैरहजेरीचीही नोंद घेतात. पूर्वी होता आणि आता नाही, ही देखील साक्षच.

पण पूर्वी होता की नाही हे सांगायला पूर्वीची नोंद लागते. आणि इथे आपल्या महाराष्ट्राची बाजू वाटते तेवढी लंगडी नाही. १९३१ साली जी. डी. भालेराव या कृमिशास्त्रज्ञांनी मरळ माशाच्या आतड्यातल्या एका काटेसोंड्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याच्या नावात नागपूर घातलं. आज त्याचं शास्त्रीय नाव आहे पॅलिसेंटिस नागपुरेन्सिस. संत्र्यांचं नागपूर जगाला ठाऊक आहे, या नागपूरकराची ओळख मात्र कोणी करून देत नाही. त्याचं पहिलं घर म्हणजे पाण्यातला सायक्लॉप्स. जुन्या माणसांना हे नाव ऐकून दचकायला होईल. पायऱ्यांच्या विहिरींतून नारू पसरवणारा तो हाच सायक्लॉप्स. नारूचा आपल्या देशातला शेवटचा रोगी १९९६ मधला, आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. सायक्लॉप्स अर्थातच अजून आहे, मरळही आहे. मरळ हा मासा डबक्यात, तळ्यात, संथ नदीत राहतो, फार लांब जात नाही. म्हणजे साक्षीदाराला हवा तसा यजमान. शिवाय पाण्याच्या घाणीवर शास्त्रीय काम करणारी राष्ट्रीय संस्था, नीरी, १९५८ पासून नागपुरातच आहे. जंत तिथला, मरळ तिथली, संस्था तिथली, आणि आसपास कोळशावरची औष्णिक वीजकेंद्रं व त्यांच्या राखेचे तलावही तिथलेच.

नागपूरच कशाला, औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात माशांच्या पट्टकृमींचा अभ्यास कित्येक दशकं चालत आला आहे. जी. बी. शिंदे यांनी १९६८ मध्ये मरळीच्या कुळातल्या माशातून पट्टकृमीची एक नवी प्रजातीच नोंदवली. त्यांच्या मागून आलेल्यांनी मराठवाड्यातल्या आणि कोकण किनाऱ्यावरच्या माशांमधले कृमी गोळा करून त्यांना नावं दिली. आपल्याकडे नावं ठेवण्याचं काम नेहमीच जोरात चालतं, पण इथे ते चांगल्या अर्थाने झालं. कुठल्या पाण्यातल्या कुठल्या माशात कोण राहतं याची ती जनगणना आहे. तिच्या पुढची पायरी म्हणजे त्या रहिवाशांना विचारणं, की बाबांनो, तुमच्या पाण्यात काय आहे. आपल्या नद्यांच्या ठरावीक सरकारी तपासणीत या प्रश्नाला जागा नाही. तिथे अजून सगळी भिस्त बाटलीवर आहे.

याचा अर्थ आमच्या खाडीत कोणी धातू मोजलेच नाहीत असा नव्हे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ठाणे खाडी आणि मुंबई बंदरातल्या पाऱ्यावरचा अभ्यास १९८१ मध्येच प्रसिद्ध केला. उल्हासच्या मुखाजवळच्या गाळातला पारा त्यांनी २००३ मध्ये मांडला. मिठाच्या पाण्यातून कॉस्टिक सोडा आणि क्लोरिन काढणारे जुने कारखाने पारा वापरत, त्याचा तो माग होता. ती जुनी पद्धत देशात पुढे बदलली, पारा मात्र गाळात राहिला. गाळाची साक्ष फार मोलाची. त्यात थर असतात, वर्षांमागून वर्षं. पण गाळ सांगतो काय पडलं ते. त्यातलं जिवंत शरीरात किती शिरलं हे गाळाला ठाऊक नसतं. काही धातू मातीच्या कणाला असा घट्ट धरून बसतो, की जिवाला बाधत नाही, आणि काही थोडकाच असून भराभर अंगात जातो. ताटात येतो तो हा दुसरा. त्याची बातमी माशाच्या पोटातूनच मिळणार.

हे ऐकून कोणी मासे खायचं सोडू नये. आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरात मासा हा काही चैनीचा पदार्थ नाही, रोजचं अन्न आहे, आणि ते सोडायला सांगणारा मी कोण? काटेसोंडा आतड्यात असतो आणि मासा साफ करताना आतडं फेकलंच जातं. नीट शिजवलेल्या माशातून त्याची भीती नाही. धातूचं तसं नाही. तो शिजवून जात नाही, तळून जात नाही, आगळ किंवा चिंच घालूनही जात नाही. जंताची किळस आणि धातूची भीती, यांतली आपल्याला सहज येते ती किळस. हजरत युनूस माशाच्या पोटात राहून परत आले आणि त्यांच्या बोलण्यावर एक अख्खं गाव शहाणं झालं, असं आमच्याकडे सांगतात. या जंताचं बोलणं ऐकायला एवढी भाविकताही लागत नाही, एक सुरी आणि एक प्रयोगशाळा पुरते.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती रामसर स्थळांच्या यादीत गेली. चांगलं झालं. पक्षी मोजायला लोक दुर्बिणी घेऊन येतात. त्याच खाडीत जाळं टाकणारे दिवाळ्याचे, वाशीचे, सारसोळ्याचे कोळी बोईट, जिताडा, कोळंबी, चिंबोरी किती कमी झाली ते सांगून सांगून थकले आहेत. त्यांच्या सांगण्याला आकडा नाही म्हणून ते तक्रारीच्या फायलीत राहतं. घाऊक बाजारातला मासा इथे उपयोगाचा नाही, तो कुठून कुठून आलेला असतो. पण दिवाळ्याच्या धक्क्यावर जो मासा उतरतो, तो कुठल्या खाडीच्या कुठल्या वळणावर मिळाला हे उतरवणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं. मासा कापणाऱ्या बायका आतडी वेगळ्या टोपलीत टाकतात. खाडीकाठी महाविद्यालयं आहेत, त्यांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, दरवर्षी प्रकल्पाला विषय शोधणारी मुलं आहेत. कुठल्या माशात कोणता कृमी सापडतो याची यादी आधी करावी लागेल, मग कोणता धातू साठवतो ते पाहावं लागेल, पावसाळ्यात वेगळं आणि वैशाखात वेगळं. दोन-तीन वर्षांचं काम आहे. त्या टोपलीतलं आज कोणी काही मागत नाही. मांजरं तेवढी जवळ बसलेली असतात.